सोरायसिस आहे? सांध्यांकडेही लक्ष हवे

सोरायटिक आर्थ्रायटिस : सोरायसिसशी जोडलेला, सांध्यांना सूज आणणारा आजार. सोरायसिसच्या ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना होऊ शकतो. बहुतेकांत त्वचा आधी, सांधे काही वर्षांनी; काहींत उलट.

श्रमाचे दुखणे की सूज? भोसरी-चाकणला लाइनवर उभ्याने काम करणाऱ्यांची गल्लत इथेच होते. श्रमाचे दुखणे कामाने वाढते, विश्रांतीने उतरते. सुजेत झोपून उठल्यावर अर्धा तास किंवा जास्त वेळ सांधे आखडतात, हालचालीने मोकळे होतात. रात्रपाळीवाल्याची ही ‘सकाळ’ दुपारी उजाडते, हे डॉक्टरांना सांगावे.

सोरायसिसच्या रुग्णांत हा आजार हेरण्यासाठीची ‘पेस्ट’ प्रश्नावली (२००९) :
• सांधा कधी सुजला होता?
• डॉक्टरांनी संधिवात सांगितला होता?
• नखांवर बारीक खड्डे?
• टाच दुखते?
• हातापायाचे एखादे बोट विनाकारण पूर्ण सुजून दुखले?

तीन ‘हो’ आले, तर संधिवाततज्ज्ञाकडे.

तपासण्या : आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्तचाचणी बहुधा निगेटिव्ह. तेवढ्यावर आजार नाकारता येत नाही. सुरुवातीचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो.

उशीर : सहा महिन्यांचाही महागात पडतो, झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही.

पहिली पायरी : संत तुकारामनगरचे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, विमाधारक कामगारांना मोहननगर, चिंचवडचे कामगार विमा रुग्णालय.