आधी आकृती, मग चेहरा

व्हिडिओ गेममधील पात्र पडद्यावर अवतरण्यापूर्वी चित्रात जन्म घेते. या आरंभीच्या चित्रांना ‘कन्सेप्ट आर्ट’ म्हणतात. त्यांची पारख केवळ देखणेपणावर होत नाही. खेळाच्या धामधुमीत पात्र क्षणार्धात ओळखू येईल का, हा महत्त्वाचा निकष असतो.

अमेरिकेतील ‘व्हॉल्व्ह’ कंपनीचा २००७ मधील ‘टीम फोर्ट्रेस २’ हा खेळ याचे ठळक उदाहरण. त्यात दोन संघ आणि नऊ प्रकारचे योद्धे आहेत. समोरचा आपला की परका, तो कोणता योद्धा आणि त्याच्या हाती शस्त्र कोणते, हे खेळाडूला दुरूनच कळायला हवे. अन्यथा डाव हातचा जातो. म्हणून संघ रंगावरून, योद्धा बाह्याकृतीवरून, तर शस्त्र छातीच्या उंचीवर एकवटलेल्या छायाप्रकाशाच्या विरोधावरून ओळखता यावे, अशी रचना करण्यात आली. अवाढव्य ‘हेवी’ आणि सडपातळ ‘स्काउट’ नुसत्या सावलीवरूनही वेगळे कळतात. या शैलीमागे जे. सी. लायनडेकर, नॉर्मन रॉकवेल आदी अमेरिकी चित्रकारांच्या कामाचा अभ्यास होता.

अशा चित्रावर अभिप्राय देताना ‘छान’ म्हणणे चित्रकाराच्या उपयोगाचे नसते. चित्र आधी संपूर्ण काळ्या छायेत कल्पून पाहावे, मग अंगठ्याएवढे लहान करून. त्यानंतर उभे राहण्याची ढब आणि पोशाख यांतून स्वभाव प्रकटतो का, हे तपासावे. बारीक तपशिलांचा विचार सर्वांत शेवटी. मूळ आकृतीच फसली असेल, तर नक्षीकाम तिला तारू शकत नाही.