तिसरा डोस घेतला का?

वॉर्डातली सिस्टर आपली, मावशी आपली, आणि कचऱ्याच्या पिशव्या उचलणारा कंत्राटी सफाई कामगारही बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला. पिशवीत चुकून पडलेली सुई आधी त्यालाच टोचते.

हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणारी, यकृत खराब करणारी कावीळ. बाधित सुई टोचली तर लस न घेतलेल्याला लागण होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के. एचआयव्हीची सुमारे 0.3 टक्के. तरी आपण सगळे घाबरतो ते एचआयव्हीलाच!

लसीचे डोस तीन : पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. राहतो तो तिसराच, कारण तोवर कंत्राटदार बदललेला असतो. राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात नको, उरलेला तेवढा घ्यायचा. मग एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही रक्ततपासणी करावी. आकडा 10 किंवा अधिक आला की संरक्षण मिळाले. कमी आला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा डोस, पुन्हा तपासणी.

लस मागताना संकोच कशाला? जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 प्रमाणे हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाचीच जबाबदारी आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. लसीचे कार्ड सुपरवायझरकडे नको, स्वतःजवळ ठेवा.

सुई टोचलीच तर जखम पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि ड्यूटी संपायची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. लस न घेतलेल्यांना लागणारे इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन शक्यतो 24 तासांच्या आत मिळायला हवे.