फुकटच्या मालाला उठाव कसा येतो : फायरफॉक्स ब्राउझरची हकीकत

ज्या मालाला किंमतच नाही, त्याचा खप एकाएकी का वाढावा, हा प्रश्न व्यापाऱ्याला कोड्यात टाकणारा आहे. धान्याच्या बाजारात उठाव आला की त्याची कारणे आपण सहज सांगतो. आवक घटली, सणासुदीची मागणी निघाली, परगावच्या पेढ्यांनी खरेदी धरली, अथवा भाव उतरल्यामुळे गिऱ्हाईक हलले. परंतु ज्या वस्तूचा भाव कालही शून्य होता व आजही शून्यच आहे, तिला भावाचे कारण लागू पडत नाही. मग गिऱ्हाईक हलते ते कशाने? याचा उलगडा व्हावा म्हणून संगणकावरील ब्राउझर या वस्तूची गेल्या तीस वर्षांची हकीकत सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावयाचे योजिले आहे. जीएसटीचे विवरणपत्र भरणे, बँकेतील खाते पाहणे, ई-नामवर लिलावाचे भाव पाहणे ही कामे आज आपण याच वस्तूच्या द्वारे करतो. तेव्हा विषय वाटतो तितका आपल्या पेढीपासून दूरचा नाही.

ब्राउझर हा एक प्रोग्राम होय. जगभरच्या संगणकांवर जी पाने ठेवलेली असतात ती मागवून आपल्या पडद्यावर वाचता येतील अशी मांडणे, हे त्याचे काम. गुमास्त्याने वखारीतून नमुना आणून गादीसमोर ठेवावा, तसेच. सन १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनी मोझेक नावाचा ब्राउझर तयार केला, आणि चित्रे व मजकूर एकाच पानावर सामान्य माणसाला सुलभपणे दिसू लागला. पुढे अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्या भागीने नेटस्केप कंपनी काढली. ९ ऑगस्ट १९९५ रोजी तिचे समभाग २८ डॉलर्सला विक्रीस निघाले व त्याच सायंकाळी ५८ डॉलर्सच्या वर बंद झाले. कंपन्यांकडून नेटस्केप आपल्या मालाचे पैसे घेत असे.

त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर बाजारात आणला. त्याचा पाया स्पायग्लास नावाच्या एका लहान कंपनीकडून घेतलेला होता. या कराराची हकीकत कोणाही व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठराविक रकमेखेरीज विक्रीच्या उत्पन्नात हिस्सा, असे ठरले होते. मायक्रोसॉफ्टने माल विकलाच नाही, तो विंडोजबरोबर फुकट देऊन टाकला. विक्रीच नाही, तर हिस्सा कशाचा काढावयाचा? अखेर १९९७ साली ८० लक्ष डॉलर्स देऊन हा तंटा मिटविण्यात आला. नेटस्केपचे नुकसान मात्र याहून मोठे झाले. नवा संगणक घेणाऱ्याला ब्राउझर घरबसल्या सोबत मिळू लागला, मग तो दुसऱ्याच्या दुकानी कशाला जाईल? अमेरिकेच्या न्यायखात्याने व २० राज्यांनी मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. सन २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करावेत असा हुकूम झाला, आणि २००१ मध्ये अपिलात तो रद्द झाला. मक्तेदारी टिकविण्याकरिता बेकायदा मार्ग वापरले, हा ठपका तेवढा कायम राहिला. तोपर्यंत नेटस्केपचा बाजार उठला होता, आणि जगातील दर शंभर माणसांपैकी नव्वदांहून अधिक माणसे एकच ब्राउझर वापरू लागली होती.

आता मक्तेदारीचा जो नेहमीचा परिणाम, तो येथेही झाला. ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती निघाली आणि त्यानंतर पाच वर्षे, म्हणजे ऑक्टोबर २००६ पर्यंत, सातवी निघालीच नाही. समोरचे दुकान बंद पडले की आपल्या दुकानातील पोत्यांना टोके लागले तरी कोणी पाहत नाही, अशातला प्रकार. पाने उघडताच जाहिरातींच्या खिडक्या भराभरा वर येत. नकळत उपद्रवी प्रोग्राम संगणकात शिरत.

इकडे नेटस्केपने पराभव दिसू लागल्यावर एक विलक्षण पाऊल उचलले होते. ३१ मार्च १९९८ रोजी तिने आपल्या ब्राउझरचा मूळ सोर्स कोड सर्वांना खुला केला. कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. जणू गिरणीवाल्याने आपली यंत्रे कशी चालतात याचे नकाशे चव्हाट्यावर लावावे! त्यातून मोझिला हा उद्योग उभा राहिला. जून २००२ मध्ये मोझिलाचा पहिला पूर्ण ब्राउझर निघाला. तो फुकट होता, आणि गुणानेही प्रचलित मालाहून सरस होता. तरीही त्याला उठाव आला नाही. या गोष्टीकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. कारण माल चांगला असला व फुकट असला म्हणजे तो आपोआप खपतो, हा समज येथे पुरता खोटा ठरतो. ब्राउझर, टपाल, पाने तयार करण्याची साधने असे सारे एकाच गाठोड्यात बांधलेले असल्यामुळे ते जड झाले होते, आणि ज्याला फक्त पाने वाचावयाची त्याला ते नको होते.

मोझिलातीलच काही तरुणांच्या हे ध्यानात आले. डेव्ह हायट व ब्लेक रॉस यांनी गाठोडे सोडून केवळ ब्राउझर तेवढा वेगळा काढला. त्याचे नाव प्रथम फिनिक्स, मग फायरबर्ड, आणि दोन्ही नावांवर इतरांनी हक्क सांगितल्यावर फेब्रुवारी २००४ मध्ये फायरफॉक्स असे ठरले. दरम्यान जुलै २००३ मध्ये मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली होती, आणि नेटस्केप विकत घेतलेल्या एओएल कंपनीने तिला २० लक्ष डॉलर्सचे सहाय्य दिले होते. नवा माल तयार होता. बाजार हलण्यास काही निमित्त हवे होते.

ते निमित्त जून २००४ मध्ये घडले. काही चोरट्यांनी सर्वसाधारण संकेतस्थळांतच विष पेरले. इंटरनेट एक्सप्लोररमधून ती पाने नुसती पाहिली तरी संगणकात असा प्रोग्राम शिरे की जो टंकलेले शब्द व गुप्त क्रमांक टिपून परस्पर पाठवी. अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्राने जे उपाय सुचविले त्यांत दुसरा ब्राउझर वापरणे हाही एक उपाय सांगितला. तेलात भेसळ निघाल्याची बातमी पेठेत फिरावी आणि शेजारच्या घाण्यावर रांग लागावी, तसे झाले. मात्र शेजारी घाणा चालू असला तरच रांग लागणार! दोन वर्षांपूर्वी हाच प्रसंग येता तर लोक चरफडले असते आणि तोच माल वापरीत राहिले असते, असे माझे मत आहे.

फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी निघाली. ती जेमतेम पावणेपाच एमबीची होती, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरूनसुद्धा पाव-अर्ध्या तासात उतरून घेता येई. जाहिरातींच्या खिडक्या ती अडवी. एकाच चौकटीत अनेक पाने टॅब करून ठेवता येत. पूर्वी जतन केलेल्या पानांची यादी जुन्या ब्राउझरमधून ती आपणहून उचलून घेई. ही शेवटली सोय किरकोळ वाटेल, पण जुने खाते मोडून नव्या पेढीशी व्यवहार सुरू करताना गिऱ्हाइकाला खरा त्रास होतो तो मागील बाकी व जुने कागद हलविण्याचा. तो त्रास ज्याने काढून घेतला त्याने अर्धे गिऱ्हाईक मिळविले.

प्रसाराची रीत तर याहून मनोरंजक आहे. मोझिलाजवळ मोठ्या जाहिराती करण्याइतका पैसा नव्हता. तिने आपल्या वापरणाऱ्यांनाच हाक दिली व वर्गणी मागितली. सुमारे १०,००० लोकांनी ती दिली, आणि १६ डिसेंबर २००४ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पूर्ण पानांची जाहिरात झळकली. तिच्यात या सर्व वर्गणीदारांची नावे बारीक अक्षरांत छापली होती. आपले नाव छापून आले की मनुष्य ते पान दहा जणांना दाखवितो, हे आपल्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाला मी सांगावयास नको. परंतु जाहिरातीपेक्षाही मोठे काम केले ते घरोघरच्या जाणत्या मुलांनी. प्रत्येक कुटुंबात संगणक बिघडला की ज्याला बोलावणे जाते असा एखादा मुलगा असतो. तो आला की साफसफाई करी व जाताना फायरफॉक्स घालून जाई. आमच्या पेढीवरही तो आणला पुतण्यानेच. मला त्यातले इतकेच कळले की जाहिरातींचा उपद्रव थांबला. खरेदीदाराला मालाची पारख नसते तेव्हा तो अडत्याच्या शब्दावर चालतो. ब्राउझरच्या बाजारात ही मुले म्हणजे बिनदलालीचे अडतेच होती, आणि त्यांचा शब्द फायरफॉक्सच्या बाजूने पडला.

१९ ऑक्टोबर २००५ पर्यंत, म्हणजे वर्षही भरण्यापूर्वी, १० कोटी प्रती उतरविल्या गेल्या. जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा एका दिवसात ८०,०२,५३० प्रती उतरल्या आणि त्याचा गिनीज विक्रम नोंदला गेला. अर्थात प्रती उतरविणे म्हणजे वापरणे नव्हे; एकच मनुष्य तीनदाही उतरवील. बाजार समितीतील आवक आणि प्रत्यक्ष खप यांत जो फरक, तोच येथे धरावा. तरी २००९ च्या अखेरीस स्टॅटकाउंटरच्या मोजणीप्रमाणे जगातील जवळजवळ तृतीयांश वापर फायरफॉक्सचा होता, आणि जर्मनीत तर तो पहिल्या क्रमांकावर होता.

माल फुकट, मग पेढी चालते कशावर? फायरफॉक्सच्या वरच्या कोपऱ्यात शोधाची एक चौकट होती. तेथून जो शोध होई तो गूगलकडे जाई व गूगल त्याचा मोबदला देई. सन २००५ मध्ये मोझिलाचे उत्पन्न ५ कोटी २९ लक्ष डॉलर्स झाले, त्यातील बहुतेक या मार्गाने आले. गिऱ्हाईक पैसा देत नाही. गिऱ्हाइकाचे लक्ष ज्याला हवे तो देतो.

पुढे २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलने स्वतःचाच क्रोम हा ब्राउझर काढला. तो चपळ होता, एक पान अडकले तरी इतर पाने चालू राहत, हे गुण मान्य केले पाहिजेत. पण त्याच्या वाढीचे रहस्य केवळ गुणात नव्हते. कोट्यवधी लोक रोज जे गूगलचे पान उघडीत त्यावरच क्रोमची शिफारस दिसे. इतर प्रोग्राम घेताना सोबत क्रोमही येई. पुढे अँड्रॉइड फोनवर तो आधीच बसविलेला असे. मे २०१२ मध्ये त्याच स्टॅटकाउंटरच्या मोजणीत त्याने इंटरनेट एक्सप्लोररला मागे टाकले. फायरफॉक्सला लोक शोधीत गेले होते. क्रोम लोकांच्या दारी आला. शोधीत जाणारा ग्राहक अधिक निष्ठावंत असतो असे आपण समजतो, परंतु आज फायरफॉक्सचा वाटा शेकडा दोन-चारांच्या घरात आहे. इंटरनेट एक्सप्लोरर तर १५ जून २०२२ रोजी बंदच झाला.

आपल्या देशातही असा एक उठाव येऊन गेला. फोनवर इंटरनेट महाग व मंद होते त्या काळात यूसी नावाच्या चिनी ब्राउझरने भारतात मोठा वाटा मिळविला, कारण तो पाने दाबून लहान करून आणी व डेटा वाचवी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि त्या गुणाची किंमत उतरली. पुढे २९ जून २०२० रोजी सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यांत तोही गेला.

दाराशी माल ठेवण्याचे मोल किती, हे सरकारांना उशिरा उमगले. युरोपात मार्च २०१० पासून विंडोजवर ब्राउझरांची यादी दाखवून ग्राहकाला निवड करू देण्याचे बंधन आले. मायक्रोसॉफ्टने मध्यंतरी वर्षभराहून अधिक काळ ती यादी दाखविलीच नाही, म्हणून मार्च २०१३ मध्ये तिला ५६ कोटी १० लक्ष युरो दंड झाला. त्यानंतर पाळी गूगलची आली. फोनवर व ब्राउझरांत आपलाच शोध आधीपासून बसविलेला असावा म्हणून त्या कंपनीने एकट्या २०२१ सालात २,६३० कोटी डॉलर्स दिले, असे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या धंद्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकविल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी इतरांना मज्जाव करणारे करार निषिद्ध ठरविले. मात्र क्रोम विकावयास लावण्याची सरकारची मागणी फेटाळली, आणि अशा जागेकरिता पैसे देणेही सरसकट बंद केले नाही. ही देवघेव बंद होऊ नये म्हणून न्यायालयात ज्यांनी साक्ष दिली त्यांत मोझिलाचे अर्थप्रमुखही होते; कारण फायरफॉक्सपासून होणाऱ्या उत्पन्नाचा सुमारे शेकडा ८५ भाग त्यांना गूगलकडूनच मिळत होता.