रंगा-बिल्ला आणि जोडीदाराच्या जबाबाची किंमत

मागच्या भागाखाली बेळगावच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "साहेब, चोरांमध्येही इमान असतं म्हणतात. खरं का?" आजचा भाग त्याच प्रश्नावर.

मी नोएडात राहतो. दिल्लीला जाताना धौला कुआंवरून गेलो की मला १९७८ आठवतं. २६ ऑगस्टला संध्याकाळी तिथल्या ऑफिसर्स वसाहतीतून नौदलाच्या कॅप्टन चोप्रांची दोन मुलं आकाशवाणीवर 'युववाणी'च्या कार्यक्रमाला निघाली. गीता सोळा वर्षांची, संजय चौदाचा. वाटेत एका मोहरी रंगाच्या फियाटमध्ये त्यांना लिफ्ट मिळाली. गाडीत दोघे होते, जसबीर सिंग ऊर्फ बिल्ला आणि कुलजीत सिंग ऊर्फ रंगा. भर रस्त्यात लोकांनी पाहिलं की आत झटापट चालू आहे, पोरं मारेकऱ्यांशी लढतायत. एकाने पोलिसांना कळवलंही. पण हद्द कोणाची, यात वेळ गेला. दोन-तीन दिवसांनी मुलांचे मृतदेह रिजच्या जंगलात सापडले. पुढचा तपशील मी सांगणार नाही.

आपला विषय त्या दोघांचा. गुन्ह्याच्या रात्री बिल्लाच्या डोक्याला जखम होती, म्हणून ते विलिंग्डन रुग्णालयात गेले आणि खोटी नावं सांगून टाके घालून घेतले. मग दिल्ली सोडली. विचार करा, सगळी पोलीस यंत्रणा मागे आहे, बिल्लाचा फोटो वर्तमानपत्रात आलाय. अशा वेळी शहाणा माणूस जोडीदाराला सोडून एकटा पळेल. हे दोघे तेरा दिवस एकत्रच राहिले. का? माझं मत सांगतो. ती दोस्ती नव्हती. दुसरा नजरेआड झाला तर कुठे काय बोलेल, ही धास्ती होती. फौजेत आमची 'बडी' पद्धत असते. दोन जवानांची जोडी, एक झोपला की दुसरा जागा. तिथे दुसरा जागा आहे म्हणून झोप लागते. इथे दुसरा जागा आहे म्हणून झोप उडते.

८ सप्टेंबरला आग्र्याजवळ ते कालका मेलमध्ये चढले, आणि चढले कुठे, तर मिलिटरीच्या डब्यात! त्या डब्यात परका माणूस शिरला की जवान ओळखपत्र मागणारच. मीही तरुणपणी अशा डब्यांतून बरंच फिरलोय, तिथे अनोळखी चेहरा लपत नाही. जवानांनी दोघांना ओळखलं, पकडलं आणि दिल्लीला पोलिसांच्या ताब्यात दिलं.

इथून पुढे जोडी फुटली. तिहार तुरुंगाचे तेव्हाचे अधिकारी सुनील गुप्ता यांनी पुढे पुस्तकात लिहिलंय की दोघे एकमेकांवरच ढकलत राहिले. यानेच मला यात ओढलं, हे दोघांचंही म्हणणं.

आता मुद्द्याचा प्रश्न. एका गुन्हेगाराने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर कोर्ट ते मानतं का? गोंदियाचं एक प्रकरण आहे. गोंदिया तेव्हा मध्य प्रदेशात होतं. एका लहान मुलाच्या खुनात एका आरोपीने कबुली दिली आणि तीत कश्मीरा सिंग या दुसऱ्यालाही गोवलं. १९५२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. न्या. व्हिवियन बोस मूळचे नागपूरच्याच हायकोर्टातले. त्यांनी सांगितलं की आधी सहआरोपीची कबुली बाजूला ठेवा आणि उरलेला पुरावा तपासा. तो पुरेसा असेल तर कबुलीचा उपयोग फक्त मनाची खात्री वाढवायला. कश्मीरा सिंगची खुनाची शिक्षा रद्द झाली. पुरावा नष्ट केल्याबद्दल मात्र सात वर्षं मिळाली.

माफीचा साक्षीदार ही निराळी गोष्ट. माझ्या पिढीच्या पुणेकरांना हा शब्द जोशी-अभ्यंकर खून प्रकरणाने शिकवला. १९७६-७७ मध्ये मी पुण्यात शिकत होतो, अंधार पडला की रस्ते ओस पडायचे. त्यात टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला, बाकीचे चौघे १९८३ मध्ये येरवड्यात फासावर गेले. माफी फुकट नसते. सगळं आणि खरं सांगायचं ही अट असते. काही लपवलं किंवा खोटं बोललं तर माफी जाते आणि त्याच्यावरच खटला उभा राहतो.

तरी कायद्याला त्याच्यावर पूर्ण भरवसा नसतो. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १३३ नुसार साथीदाराच्या साक्षीला दुजोरा नसला तरी तेवढ्यावरून शिक्षा बेकायदा ठरत नव्हती, पण कोर्टं दुजोरा मागतच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये शब्दच बदलला, तिथे 'दुजोरा मिळालेली साक्ष' असं आलंय. माझ्या मते हा बदल चांगला. जो स्वतःच्या साथीदाराला विकतो तो निर्दोष माणसालाही विकू शकतो.

रंगा-बिल्लाच्या खटल्यात दुजोऱ्याची वाण नव्हती. गाडी पाहणारे साक्षीदार होते, गाडीतले ठसे आणि केस होते, रुग्णालयातली नोंद होती. त्यामुळे 'मी नाही, तो' याचा कोणालाच फायदा झाला नाही. शेवटी रंगा राष्ट्रपतींच्या दयेच्या अधिकाराचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला, फाशी थांबली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने जानेवारी १९८२ मध्ये ती याचिका फेटाळली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला तिहारमध्ये दोघांना एकाच वेळी फाशी झाली.

गीता आणि संजय यांना आदल्या वर्षी मरणोत्तर कीर्ती चक्र दिलं गेलं होतं. शूर मुलांना दरवर्षी मिळणाऱ्या पुरस्कारांतले दोन त्यांच्या नावाने दिले जाऊ लागले, मुलीला गीताच्या आणि मुलाला संजयच्या.