गोठवलेल्या पेशींची ठेव

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात मीटीट्सी नावाचे लहान गाव आहे. १९८१ साली तेथील एका शेतकरी कुटुंबाच्या कुत्र्याने मेलेला प्राणी घरी आणला. तो होता काळ्या पायांचा फेरेट. मुंगसासारखा लांबट, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला. ही जात नामशेष झाली, असे तज्ज्ञ धरून चालले होते. शोध घेता जवळच त्यांची वसाहत आढळली. परंतु लवकरच ती रोगाने खचू लागली आणि उरलेले १८ फेरेट पकडून सांभाळावे लागले. त्यांपैकी अवघ्या सातांचा वंश पुढे चालला. इतक्या थोड्यांपासून वंश वाढला की पुढच्या पिढ्यांत आपसांतीलच संबंध होतात आणि रोगांशी झुंजण्याची ताकद ओसरते.

त्या १८ जणांत विला नावाची मादी होती. १९८८ मध्ये ती मेली, तिचा वंश उरला नाही. मात्र तिच्या पेशी सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयाच्या ‘फ्रोझन झू’ या पेशीसंग्रहाकडे गेल्या. तेथे कातडीच्या लहानशा तुकड्यातील पेशी पोषक द्रावात वाढवितात, बर्फाच्या स्फटिकांनी त्या फुटू नयेत म्हणून रक्षक द्रव्य मिसळून सावकाश थंड करतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला लॉकर आठवतो. पण लॉकरमधील दागिना वाढत नाही, या पेशी बाहेर काढून पुन्हा वाढविता येतात.

१० डिसेंबर २०२० रोजी विलाच्या पेशींपासून एलिझाबेथ अ‍ॅन जन्मली. तिला संतती होऊ शकली नाही. तिच्यासारख्याच अँटोनियाला मात्र २०२४ मध्ये तीन पिल्ले झाली, त्यांतील दोन जगली. अभ्यासकांच्या मते विलाच्या जनुकांत आजच्या फेरेटांच्या तिप्पट वेगळेपण आहे. मात्र या उपायासाठी दुसऱ्या मादीला गर्भ वाहावा लागतो, हे प्राणिप्रेमी माणसाला सलणारच.

आपल्याकडे देशी जनावरांच्या वंशाचे जतन करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो करतो. वन्यप्राण्यांसाठी हैदराबादला लॅकोन्स ही प्रयोगशाळा आहे. वळूचे गोठवलेले वीर्य आपल्या परिचयाचे आहे. परंतु त्यात केवळ पित्याचा अर्धा वारसा असतो, कातडीच्या पेशीत संपूर्ण असतो.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे पांजरपोळांचे विश्वस्त आहेत. तेथे देवणी, डांगी, गवळाऊ जातीचे एखादे शुद्ध जनावर असेल, तर पशुवैद्यकाकडून कानाच्या कडेचा लहानसा तुकडा घेता येतो. त्यासाठी जनावर दगावत नाही. त्यासोबत जात, गाव, वय आणि माहीत असल्यास आईबापाची नोंद हवी. नोंदीविना पेशी म्हणजे खातेदाराचे नाव नसलेली ठेव. जनावर मरण पावले असल्यास विलंब चालत नाही, पेशी लवकर निकामी होतात. म्हणून पशुवैद्यकाशी आधीच बोलून ठेवलेले बरे.