विश्लेषण : सहलीतल्या बोटीत किती जण बसावेत? लाइफ जॅकेट, परवाना आणि कायदा काय सांगतो?

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साधारण 400 किलोमीटरवर आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या या पट्ट्यात बहुतेकांचा बोटीशी पहिला संबंध येतो तो शाळेच्या सहलीत किंवा दिवाळीच्या सुट्टीत. गेटवेवरून एलिफंटाला जाताना, नाहीतर तारकर्लीच्या किनाऱ्यावर. तिकीट काढले की बोटवाला ‘बसा, बसा, अजून चौघे बसतील’ म्हणतो आणि मंडळी सरकून जागा करून देतात. एसटीत ही सवय चालून जाते. बोटीत ती जिवावर बेतू शकते. बोटीत बसण्याआधी काय पाहायचे, काय विचारायचे आणि कायदा कोणाच्या बाजूने आहे, हे समजून घेऊ.

गेल्या काही वर्षांत काय घडले?

9 जुलै 2017 रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात 11 जणांना घेऊन गेलेली नाव उलटली आणि 8 तरुण बुडाले. नावेत मोबाइलवर चित्रीकरण सुरू होते. 24 मे 2022 रोजी तारकर्लीत स्कूबा डायव्हिंग करून परतणाऱ्या 20 पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ येता येता उलटली. त्यात दोघांचा मृत्यू झाला.

21 मे 2024 ची उजनी धरणातील दुर्घटना सहलीची नव्हती. करमाळा तालुक्यातील कुगाव ते इंदापूर तालुक्यातील कळाशी अशी ती रोजची वाहतूक होती. संध्याकाळी अचानक वादळी वारा सुटला, बोट उलटली आणि दोन लहान मुलांसह सहा जण बुडाले. एक जण पोहून काठावर आला. मराठवाड्यातल्या वाचकाने ही घटना विशेष लक्षात ठेवावी, कारण मे महिन्यात दुपारनंतर उठणारा वळवाचा वारा आपल्याकडेही तसाच येतो. दहा मिनिटांपूर्वी आरशासारखे शांत असलेले धरणाचे पाणी मोकळ्या पृष्ठभागावर वारा लागला की उसळू लागते.

18 डिसेंबर 2024 रोजी इंजिनाची चाचणी सुरू असलेल्या नौदलाच्या बोटीचे नियंत्रण सुटले आणि ती एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. 15 जणांचा मृत्यू झाला. यात प्रवाशांची काहीच चूक नव्हती. मात्र 84 प्रवासी आणि 6 कर्मचारी एवढीच परवानगी असलेल्या ‘नीलकमल’वर त्याहून जास्त माणसे होती, हे नंतर समोर आले. गेटवेवरून निघणाऱ्या बोटींत लाइफ जॅकेटची सक्ती झाली ती या घटनेनंतर.

चार माणसे जास्त बसली तर एवढे काय बिघडते?

समजा, एका सपाट तळाच्या बोटीची लांबी 4 मीटर आणि रुंदी दीड मीटर आहे. म्हणजे पाण्यावर टेकलेले क्षेत्रफळ सुमारे 6 चौरस मीटर. ही बोट 1 सेंटीमीटर खाली गेली की 60 लिटर पाणी बाजूला सारते आणि 60 लिटर पाण्याचे वजन 60 किलो. म्हणजेच 60 किलोचा प्रत्येक माणूस बोटीला साधारण 1 सेंटीमीटर खाली दाबतो. दहा माणसे जास्त घेतली तर पाण्यापासून 30 सेंटीमीटर उंच असलेला काठ 20 सेंटीमीटरवर येतो. शांत पाण्यात हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पण बोट बहुधा सरळ खाली जाऊन बुडत नाही, ती आधी कलते. डॉल्फिन दिसला किंवा फोटो काढायचा झाला की सगळे एकाच बाजूला धावतात. उभा माणूस बसलेल्यापेक्षा वजन वर नेतो, त्यामुळे बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कललेली बोट पुन्हा सरळ होण्याची ताकद घटते. अशात 20 सेंटीमीटरचा काठ पाण्याला टेकला की पाणी आत येते. आत आलेले पाणी एका जागी थांबत नाही. ते खालच्या बाजूलाच वाहत जाते आणि बोटीला आणखी कलवते. पाण्याने भरलेली परात दोन्ही हातांनी उचलून चालताना ती जशी एका अंगाला ओढते, तसेच हे. इथून पुढे प्रवाशांना सावरायला फार तर काही सेकंद मिळतात. म्हणून ‘बसून राहा’ ही सूचना बोटीत सर्वांत महत्त्वाची असते आणि तीच सगळ्यात कमी पाळली जाते.

कायदा काय सांगतो?

नदी, तलाव आणि धरणातल्या यांत्रिक बोटींसाठी 1917 चा ब्रिटिशकालीन कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 आला. त्यानुसार अशा बोटीची नोंदणी हवी, तपासणी होऊन तसे प्रमाणपत्र हवे, विमा हवा आणि चालवणाऱ्याकडे पात्रतेचा दाखला हवा. नोंदणी क्रमांक बोटीवर दिसेल असा असावा लागतो. वल्ह्याच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

किनारपट्टीवर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. पावसाळ्यात मेअखेरीपासून 31 ऑगस्टपर्यंत कोकणातले जलक्रीडा प्रकार बंद ठेवले जातात. त्या काळात कोणी ‘खास तुमच्यासाठी’ बोट काढत असेल तर नाही म्हणावे. शिवाय 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार जलक्रीडा घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते.

फौजदारी कायद्यातही तरतूद आहे. असुरक्षित किंवा क्षमतेपेक्षा जास्त भार असलेल्या बोटीतून भाडे घेऊन माणसे नेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 284 नुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरलेल्या बोटीच्या एका दिवसाच्या गल्ल्यापुढे हा दंड किरकोळच म्हणावा लागेल. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर मात्र कलम 106 लागते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते.

चढण्याआधी नेमके काय पाहायचे?

आधी बोटीवरचा क्रमांक आणि क्षमतेचा आकडा. तो लिहिलेला नसेल तर विचारा. चालकाला राग आला तरी हरकत नाही, विचारणे हा प्रवाशाचा हक्क आहे. मग माणसे मोजा, कडेवरची मुलेही त्यात धरा.

त्यानंतर जॅकेट. ते बाकाखाली किंवा छताला टांगलेले असून उपयोग नाही. उलटलेल्या बोटीखाली ते शोधणार कोण? अंगात घालून सगळे बंद आवळा आणि दुसऱ्या कोणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते मोठे आहे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही, पाण्यात ते डोक्यातून निसटते. चांगल्या जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. 50 म्हणजे पोहता येणाऱ्यांसाठी काठाजवळचा आधार, न पोहणाऱ्यांना शांत पाण्यात किमान 100 आणि उघड्या समुद्रात 150. हा 150 चा आकडा म्हणजे सुमारे 15 किलो वजन वर तोलून धरण्याची ताकद.

चालकाने मद्य घेतले असेल किंवा आभाळ भरून आले असेल तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील.

उलटलीच तर?

किनारा जवळ दिसतो, पण पाण्यात अंतराचा अंदाज हमखास चुकतो. उलटलेली बोट बहुतेक वेळा तरंगत राहते, तिला धरून राहावे. शोध घेणाऱ्यांनाही एकटे डोके दिसण्याआधी बोट दिसते. काठावरच्यांनी 112 वर, समुद्रात दुर्घटना असेल तर तटरक्षक दलाच्या 1554 वर फोन करावा. पोहता न येणाऱ्याने वाचवायला उडी मारू नये. दोर, कॅन, रिकामी घागर, जे हाताशी असेल ते फेकावे.

शाळेच्या सहलीचे गणित

18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीची क्षमता 14 होती, बसवलेली माणसे त्याच्या जवळपास दुप्पट. समजा, राणीसावरगावच्या एखाद्या शाळेची सहल निघाली आणि यादीत 40 मुले आहेत. क्षमता 14 ची असेल तर तीन फेऱ्यांत 42 जागा होतात, म्हणून तीन फेऱ्या पुरतील असे वाटते. पण प्रत्येक फेरीत एक शिक्षक हवा आणि एक जागा चालकाची धरली तर मुलांसाठी उरतात 12. म्हणजे चार फेऱ्या. शिवाय काठावर थांबलेल्या मुलांपाशी आणखी एक शिक्षक लागतो. तेवढा वेळ सहलीच्या वेळापत्रकात नसेल तर बोटीचा कार्यक्रम बस सुटण्याआधीच, शाळेतच, यादीतून काढावा लागेल.