स्वस्त पाना-पक्कड घ्यावी का?

शेतकरी बंधूंनो, आठवडी बाजारात हत्यारवाला पान्यांचा अख्खा संच थोडक्या पैशात देतो. इंजिन-पंप घरीच खोलायचा तर तो घ्यावा का? हातोडी, नरसाळे, तारेचा ब्रश खुशाल स्वस्त घ्या, काही बिघडत नाही.

पाना मात्र पारखून घ्या. त्याला नीट पाणी दिलेले नसले तर पोलाद मऊ राहते आणि जोर लावताच जबडा फाकतो. पाना घसरतो, नटाचे कोपरे झिजून नट गोल होतो. मग ऐन पाणीपाळीत तो छिन्नीने फोडत बसायचे; बोटांची सालटी जातात ती वेगळीच! म्हणून बाजाराला जाताना इंजिनाचा एक चांगला नट खिशात टाका. पाना त्यावर बसवून हलवा. डुगडुगला तर ठेवून द्या. कडेवर कानस हलकेच ओढा. ती सहज खाऊ लागली तर पाना मऊ समजा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. संच राहू द्या, पण १२-१३, १६-१७ आणि १८-१९ हे तीन पाने चांगले घेतलेत तरी बरेच काम भागते.

पक्कडीची गोष्ट निराळी. मुठीवर रंगीत प्लास्टिक आहे म्हणून ती विजेच्या कामाला चालते असे नाही. तीन फेजच्या मोटारीला ४१५ व्होल्ट असतात. विजेच्या कामाच्या पक्कडीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा छाप पाहा. छाप असला तरी आधी मेन स्विच बंद करून तिन्ही फ्यूज काढा नि स्वतःच्या खिशात ठेवा. ऑटो बसवलेला असेल तर वीज येताच मोटार आपोआप सुरू होते.